बर्फी पहिली आली त्याची गोष्ट

माझी नात हल्ली फोनवर बर्फावरचं स्केटिंग बघत बसते. गेल्या हिवाळ्यात कुठल्याशा मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा निकाल लागत होता आणि ती मला एकेक आकडा वाचून दाखवत होती. कोणाला किती गुण, कोण वर गेली, कोण खाली घसरली. ‘आजी, हिचे सगळ्यात जास्त, म्हणजे ही पहिली,’ ती म्हणाली, आणि मी एकटीच हसत सुटले. तिला वाटलं आजीला काही कळलं नाही. तिला काय सांगणार, की या एका वाक्यापायी आमच्या घरात एके काळी भाकऱ्या थंड झाल्या होत्या आणि सात रस्त्यावरचा निम्मा बाजार माझ्या वडिलांना हसला होता.

आम्ही सोलापुरात सात रस्त्याजवळ एका सायकलच्या दुकानावर राहायचो. वर दोन खोल्या, पुढे चिंचोळी गॅलरी. सकाळी खालून हवा भरायच्या पंपाचा आवाज यायचा, मग हातोडीचा, मग एसटीचे भोंगे. मागच्या बोळात नरसय्यांचे माग खडखडायचे. तसे सोलापुरातले बहुतेक माग पूर्व भागात. पण नरसय्या भावांशी भांडून इकडे आले होते आणि दोन-चार माग टाकून टॉवेल विणायचे. त्यांची पद्मा माझ्या वर्गात होती. मागाचा आवाज थांबला की आई अक्कलकोटच्या कानडी हेलात म्हणायची, ‘लाइट गेली वाटतं,’ आणि खरंच गेलेली असायची. आईच्या हातची भाकरी पापडासारखी कडक, तिच्यावर शेंगाचटणी आणि कच्चं तेल. त्या चटणीच्या वासाने मी आजही झोपेतून उठेन, पण आता डॉक्टरांनी तेल बंद केलंय, म्हणून नुसती उठून बसते.

वडिलांना सगळे अण्णा म्हणायचे. एका सायंदैनिकात ते खेळाचं पान बघत. सायंदैनिक म्हणजे सकाळी जुळवायचं, दुपारी छापायचं आणि चारच्या सुमाराला पोरांनी सात रस्त्यावर ओरडत विकायचं. अण्णा स्वतः कधी कुठला खेळ खेळल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. आईच्या मते तर ते कधी धावलेही नव्हते. त्यांचा खरा धंदा दुसऱ्यांच्या चुका काढणं हा होता आणि तो ते फुकट करत. लग्नाची पत्रिका आली की ती सुधारून परत जायची. दुकानाची पाटी रंगवणारा पेंटर अण्णा दिसले की शिडीवरून खाली उतरायचा. देवळातल्या कीर्तनकारांना त्यांनी भर कीर्तनात राम आणि परशुराम यांच्या भेटीचा क्रम समजावून सांगितला होता आणि तेव्हापासून आईने त्यांच्याबरोबर देवळात जाणं सोडलं. मी मामाला पत्र लिहिलं तर ते आधी अण्णांच्या हातून जायचं आणि नंतर मामाकडे पोचायचं ते पत्र माझं राहिलेलं नसायचं. जेवताना कोणाची तरी चूक सांगायला लागले की आई एकच कानडी शब्द म्हणायची, ‘साकु.’ म्हणजे पुरे. अण्णा क्षणभर थांबायचे आणि पुढची चूक सांगायला घ्यायचे.

खरं सांगायचं तर त्या वयात मी अण्णांच्या एका चुकीची वाट बघत होते. एखादी मोठी, सगळ्यांना दिसेल अशी. मी मनात ठरवूनही ठेवलं होतं, की त्या दिवशी आपण काय बोलायचं आणि कशा आवाजात.

तर एका सकाळी छापखान्यात, मुंबईच्या एजन्सीकडून बातम्या येणाऱ्या यंत्रावर, परदेशातल्या एका मोठ्या स्केटिंग स्पर्धेचा निकाल आला. बर्फावर मुली नाचतात त्या स्पर्धेचा. अण्णांनी त्याला ‘बर्फावरील आकृतिनृत्य’ असं नाव देऊन टाकलं होतं आणि त्यावर ते खूश होते. कागदावर नुसती नावं होती आणि पुढे आकडे. क्रमांक लिहिलेले नव्हते. सगळ्यात वरच्या नावापुढे दीड, तिच्या खालच्या नावापुढे थोडे जास्त, असं वाढत वाढत तळाच्या नावापुढे छत्तीस. अण्णांनी कागद दोनदा वाचला आणि त्यांना यंत्राची कीव आली. त्या यंत्राला खोडच होती. कधी क्रिकेटच्या सामन्याचा शेवट आधी पाठवायचं आणि सुरुवात मागून. यादी उलटी आली आहे, हे अण्णांनी ओळखलं. दीड गुण मिळवून जगात कोण पहिलं येतं? त्यांनी यादी सुलटी केली. तळाची मुलगी वर घेतली, तिच्या आधीच्या दोघींना रौप्य आणि कांस्य देऊन टाकलं, आणि ठळक मथळा लिहिला. दुपारी घरी जेवायला आले तेव्हा एजन्सीवाल्यांची चूक आपण कशी पकडली हे त्यांनी भाकरी संपेपर्यंत सांगितलं. आई ‘साकु’ म्हणाली.

आमच्या शाळेत सकाळच्या परिपाठात बातम्या वाचायची पद्धत होती. एकेका मुलीची पाळी यायची. दुसऱ्या दिवशी माझी होती आणि घरचं वर्तमानपत्र असताना मी दुसऱ्यांचं कशाला वाचू? मी खणखणीत आवाजात बर्फावरील आकृतिनृत्याचा निकाल वाचला. त्या मुलीचं नाव एवढं लांबलचक होतं की माझा श्वास संपला. पण आमच्या मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, ती बातमी फार आवडली. त्यांनी तिथल्या तिथे त्या मुलीवर भाषण केलं. ती पहाटे उठत असणार, आईला कामात मदत करत असणार, उलट उत्तर देत नसणार, आणि म्हणूनच ती जगात पहिली आली, असं बाईंनी सांगितलं. सोलापुरात बर्फ आम्ही उसाच्या रसात आणि लग्नाच्या पाण्याच्या पिंपात पाहिलेला. त्यावर कोणी नाचतं हे ऐकून सगळी शाळा थक्क झाली. मधल्या सुट्टीपर्यंत पद्माने तिचं नाव बर्फी ठेवून दिलं होतं, कारण खरं नाव कोणालाच घेता येईना.

मग जे सुरू झालं त्याची जबाबदारी मी घेणार नाही, ते पद्माचं डोकं. नरसय्यांच्या अंगणात शहाबादी फरशी होती आणि कोपऱ्यात सुताला लावायच्या खळीची बादली असायची. खळ म्हणजे पिठाची पातळ पेज, मागावर चढवण्याआधी सुताला लावतात, म्हणजे ते ताठ राहतं. पद्माने ती फरशीवर ओतून बघितली. पाणी आमच्याकडे दिवसाआड यायचं, त्यामुळे पाण्याला हात लावला असता तर मार बसला असता. खळीबद्दल मात्र कोणी आधी काही बजावून ठेवलेलं नव्हतं. आम्ही जुने मोजे चढवले आणि अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बर्फी होऊन घसरायला लागलो. एक पाय वर, दोन्ही हात पसरलेले, चेहऱ्यावर हसू. बोळातल्या बाकीच्या मुलीही आल्या. नरसय्यांनी पहिल्या दिवशी आरडाओरडा केला, दुसऱ्या दिवशी दारात खुर्ची टाकून बसले आणि शिळी खळ आमच्यासाठी वेगळी काढून ठेवायला लागले. पद्मा समोरच्या भिंतीवर खडूच्या रेघांनी हिशेब ठेवायची. ती म्हणायची, ‘बर्फी कधी पडत नसणार. मग आपण पण पडायचं नाही.’ मी सगळ्यात जास्त पडायचे, हे वेगळं सांगायला नको. माझ्या झग्यातली खळ वाळली की झगा आपला आपण उभा राहायचा आणि आई त्याला बघून कानडीत जे बोलायची त्याचा अर्थ मी कधी विचारला नाही.

त्या रविवारी अण्णा मला शोधत बोळात आले. आमची स्पर्धा नुकतीच संपली होती. अण्णांनी भिंतीवरचा खडूचा हिशेब पाहिला आणि त्यांच्या सवयीप्रमाणे वाचायला घेतला. माझ्या नावापुढे रेघांचं रान माजलं होतं. अण्णांचा चेहरा उजळला. मुलगी कशात तरी पुढे आहे हे पाहून कुठल्या बापाला बरं वाटणार नाही? ते म्हणाले, ‘वा, शैला पहिली आलेली दिसते.’

पद्मा मोजे पिळत होती. ती म्हणाली, ‘न्हाय ओ काका. त्या पडायच्या रेघा हायत. जिच्या कमी ती पहिली. शैला लई पडली की. ती शेवटची.’

अण्णा भिंतीकडे बघत राहिले. मला वाटलं माझ्या शेवटच्या नंबराचं त्यांना वाईट वाटलं. पण ते वळले आणि छापखान्याच्या दिशेने चालायला लागले, आणि चालता चालता चक्क धावायला लागले. मी मोज्यांतच त्यांच्या मागे. रविवारी छापखाना बंद असायचा, राखणदाराकडून किल्ली घेऊन ते आत गेले, सळईला टोचून ठेवलेल्या कागदांतून तो निकाल काढला आणि टेबलावर पसरून उभे राहिले. मग त्यांनी एजन्सीच्या मुंबईच्या कचेरीला फोन लावला. फोन लागेपर्यंत मी तिथल्या स्टुलावर बसून वाळलेली खळ नखाने काढत होते. पलीकडचा माणूस काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. अण्णा इंग्रजीत फक्त ‘कमी आकडा वर?’ असं दोनदा विचारत होते. मग ‘थँक यू’ म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्या खेळात त्या काळी निकाल गुणांच्या बेरजेवर लागायचाच नाही. प्रत्येक फेरीत जो नंबर येईल त्याचीच बेरीज करायची, त्यातही पहिल्या फेरीचा नंबर निम्मा धरायचा, म्हणजे ज्याची बेरीज कमी तो वर. यंत्राने यादी बरोबर पाठवली होती. ती उलटी केली होती अण्णांनी.

ही पद्धत आता बदलली आहे. आता जास्त गुणवाली पहिली येते, माझी नात सांगते तसं. बदल झाला तेव्हा अण्णा निवृत्त होऊन घरी बसले होते. मी मोठ्या उत्साहाने त्यांना सांगितलं, की बघा, तुम्ही फक्त थोडे आधी बरोबर होतात. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले की चुकीची तारीख असलेलं बरोबर उत्तरही चूकच असतं.

पण त्या रविवारी ते असं काही म्हणाले नाहीत. घरी येताना ते एका पाटीकडेही न बघता चालत होते, आणि त्या रस्त्यावर चुकीच्या पाट्यांना तोटा नव्हता. मी जिची इतकी वाट बघितली ती चूक आली होती. मला काय काय बोलायचं होतं ते सगळं पाठ होतं. पण अण्णांचा हात माझ्या हातात होता, आणि मला एकदम भीती वाटली. या माणसाजवळ दुसरं काही नव्हतं. पगार बेताचा, शिक्षण अर्धवट, अंगावर दोन सदरे. सात रस्त्यावर त्यांना मान होता तो एवढ्याचसाठी की अण्णा चुकत नाहीत. तो गेला तर अण्णांचं काय उरेल, हे मला समजेना.

सोमवारी त्यांनी मालकांना सांगितलं. मालक म्हणजे संपादकही तेच आणि जाहिराती आणणारेही तेच. ते हसले. मालकांचं म्हणणं असं, की सोलापुरात बर्फ लागतो लग्नाला नाहीतर मयताला. त्यावर नाचणाऱ्या मुलींचा निकाल कोण तपासून बघतोय? कोणी विचारलं नाही तर आपण कशाला सांगायचं? अण्णा अडून बसले. शेवटी मालक वैतागून म्हणाले, बरं छापा, पण नीट समजावून छापा, की या खेळात कमी आकडा वर असतो. मग लोकही म्हणतील, आम्हीसुद्धा असंच चुकलो असतो. अण्णांना ते पटलं. ते पटण्यासारखंच होतं. तेवढ्या एका वाक्याने चूकही कबूल होत होती आणि मानही राहत होता.

दुपारी ते मजकूर लिहूनच घरी आले. शाळा सकाळची असल्याने आम्ही घरी होतो आणि पद्मा आमच्याकडे शेंगापोळी खायला आली होती. आईच्या शेंगापोळीचा वास बोळापर्यंत जायचा आणि पद्मा त्याच्या मागोमाग वर यायची. अण्णांनी आम्हा सगळ्यांना मजकूर वाचून दाखवला. या खेळात सर्वांत कमी आकडा असणारी स्पर्धक प्रथम येते, हे ध्यानात न आल्यामुळे यादी उलटी लावली गेली, वगैरे. छान उतरला होता. आईसुद्धा म्हणाली की यात तुमची काय चूक, कोणालाही असंच वाटलं असतं. अण्णांनी किती तरी वेळाने पाट जवळ ओढला.

पद्मा खायची थांबली होती. ती म्हणाली, ‘उलटी लावली म्हणजे बर्फी शेवटची?’

‘हो,’ अण्णा म्हणाले.

‘सगळ्यात शेवटची?’

अण्णांनी मान हलवली. पद्माने हातातली पोळी ताटात ठेवली. ती रडली वगैरे नाही, ती रडणारी नव्हतीच. ती फक्त म्हणाली, ‘तिकडं शेवटची आली तेवढं बास न्हाय का, काका? हितं कशाला छापायचं परत?’

अण्णा म्हणाले की खरं असेल ते छापावंच लागतं. पद्मा म्हणाली, ‘पहिली कोन आली ते छापा की. ते पण खरंच हाय.’ आणि हात धुऊन निघून गेली. तिची उरलेली पोळी मी खाल्ली.

अण्णांनी जेवण तसंच ठेवलं. भाकऱ्या थंड झाल्या. आई दोनदा हाक मारून गेली. ते त्या कागदापुढे बसून होते आणि मी गॅलरीतून बघत होते. त्यांची पंचाईत मला दिसत होती. चूक कशी झाली हे सांगितलं की यादी उलटी झाल्याचं सांगावं लागणार, आणि यादी उलटी म्हटलं की आपण पहिली केलेली मुलगी शेवटची हे शेंबडं पोरही ओळखणार. आणि ते नाही सांगितलं तर अण्णा नुसते चुकले. काहीही कारण नसताना, एखाद्या बेफिकीर माणसासारखे. शेवटी त्यांनी मधलं सगळं खोडलं. खऱ्या पहिल्या तिघींची नावं ठेवली आणि खाली एक ओळ लिहिली: ‘गेल्या आठवड्याच्या अंकात हा निकाल चुकीचा छापला. चूक यंत्राची नाही, एजन्सीची नाही, माझी आहे.’ आणि स्वतःचं पूर्ण नाव. मग थंड भाकरी शेंगाचटणीशी खाल्ली.

मंगळवारी ते छापून आलं, पहिल्या बातमीच्याच जागी, तेवढ्याच ठळक अक्षरात. मालकांनी कोपऱ्यात टाका म्हटलं होतं. अण्णांनी ऐकलं नाही. सात रस्त्यावर मग मजाच झाली. कुठल्याशा परदेशी मुलींशी कोणालाच देणंघेणं नव्हतं, पण अण्णा चुकले ही सगळ्या गावाची बातमी होती. पेंटर अंक घेऊन आमच्या जिन्याखाली येऊन उभा राहिला. ‘काय ओ अण्णा, आमच्या पाटीतली वेलांटी दिसती तुमाला, आन् हे दिसलं न्हाय व्हय?’ त्याने विचारलं. ज्यांच्या पत्रिका सुधारल्या होत्या ते यजमान आले. कीर्तनकार खास वाट वाकडी करून आले आणि त्यांनी माणसाने अहंकार धरू नये यावर बराच वेळ उभ्यानेच निरूपण केलं. जो तो एकच विचारायचा, की अण्णा, तुम्ही आणि असे कसे चुकलात? अण्णांच्या जिभेवर उत्तर होतं. चांगलं, पटणारं उत्तर. ते प्रत्येकाला म्हणत होते, ‘चुकलो खरा.’ जिन्यात बसून मी ते ऐकत होते आणि मला जाऊन ओरडून सांगावंसं वाटत होतं की त्यांनी एजन्सीला फोन करून विचारलंय, तुम्हाला तरी माहीत होतं का कमी आकडा वर असतो ते. आईने मागून माझा खांदा धरून ठेवला होता.

बुधवारी परिपाठात मोठ्या बाईंनी मला मुद्दाम पुढे बोलावलं. आधीची बातमी मी वाचली होती, तेव्हा दुरुस्तीही मीच वाचायची. मी वाचली. ‘चूक माझी आहे’ आणि अण्णांचं नाव वाचताना माझा आवाज खाली गेला, तर बाई म्हणाल्या, मोठ्याने. मी पुन्हा वाचलं. मुली फिदीफिदी हसल्या. पहाटे उठणाऱ्या बर्फीवर एवढं भाषण केलेलं असल्यामुळे बाई जरा घुश्शातच होत्या. त्यांनी विचारलं, ‘वर्तमानपत्रवाल्यांची अशी चूक होते तरी कशी?’ रांगेत पद्मा होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, स्वतःच्या पायांकडे बघत होती. मी म्हटलं, मला माहीत नाही. बाई म्हणाल्या, ‘घरी विचारून ये आणि उद्या सांग सगळ्यांना.’

दुपारी अण्णा जेवायला बसले तेव्हा मी विचारलं, की बाईंना काय सांगू. आई ताट वाढता वाढता थांबली. हा माणूस एक लग्नपत्रिका तपासायला दुपार घालवायचा. चपला घालतानाही आधी डावी, मग उजवी, मग दोन्ही सरळ आहेत ना हे बघायचा. हयगयीने काम करणाऱ्याचं तोंडही त्याला बघवायचं नाही. अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘सांग, घाईत झाली.’